सत्तावन्न सांगितलं तर पंच्याहत्तर का लिहितात?

दुसरीच्या वर्गात बाईंनी अंकलेखन घेतलं. ‘सत्तावन्न’ म्हटल्यावर चार-पाच पाट्यांवर ७५ उमटलं. बाई म्हणाल्या, ‘‘अरे, लक्ष कुठंय तुमचं?’’ खरं तर लक्ष पुरेपूर होतं. मुलांनी जसं ऐकलं तसंच लिहिलं. आधी ‘सत्ता’ ऐकू आलं म्हणून ७, मग ‘वन्न’ म्हणून ५. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. त्यात ‘एकोणसाठ’सारखी आडवळणाची संख्या आली की ऐकू येतात साठ आणि लिहायचे असतात ५९.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची दुसरी पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते अनेकांना आठवत असेल. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मुलं जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या संख्यानामांना अडखळतात, एवढा साधा मुद्दा होता. आपण मात्र विनोद करण्यात रमलो.

आता हीच अडचण फोनवर घेऊन बघू. जिओजेब्रा नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात तासाभरात एक साधी गोष्ट बनवता येते. खाली १ ते ९९ असा बोटानं सरकवायचा स्लायडर, वर दशकांच्या दांड्या आणि सुटे ठोकळे, बाजूला संख्या. स्लायडर ५७ वर नेला की पाच दांड्या, सात सुटे. ७५ वर नेला की सात दांड्या, पाच सुटे. मुलाला सांगायचं, ‘‘सत्तावन्न कर.’’ ते ७५ करतं, सात दांड्या येतात, ते थबकतं. पन्नासाला पाचच दांड्या लागतात हे त्याला ठाऊक असतं. कुणी ओरडावं लागत नाही, ते स्वतःच मागं येतं.

हे पुठ्ठ्याच्या कार्डांनी आणि काड्यांच्या गठ्ठ्यांनी होत नाही का? होतं, आणि छान होतं. मग फोन कशाला? फोनवर एक गोष्ट हलवली की तिच्याशी बांधलेल्या बाकीच्या सगळ्या त्याच क्षणी हलतात. दांड्या, अंक, संख्यारेषेवरचा ठिपका ही एकाच संख्येची तीन रूपं, आणि तिन्ही एका दोरीला बांधलेली. पुठ्ठ्यावर ती दोरी बाईंना स्वतः ओढत बसावी लागते, पस्तीस मुलांसाठी, पस्तीस वेळा. डिजिटल साधनाची निम्मी किंमत या दोरीची आहे, असं माझं मत.

उरलेली निम्मी किंमत वेगवेगळ्या मुलांची. वर्गातली विविधता म्हटलं की डोळ्यांपुढे अपंग मूल येतं. पण साध्या जिल्हा परिषदेच्या वर्गातही एकाला फळ्यावरचं नीट दिसत नाही आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही. एक मुलगी दर दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाते. एकाची घरची भाषा कोरकू किंवा पावरी. एकाला अक्षरं येतात पण आकडे नाचतात. आणि एक जण सगळं झाल्यामुळे खिडकीबाहेर बघत बसलाय. एकच रूप दाखवलं तर ते यातल्या कुणाला तरी लागू पडतं आणि बाकीच्यांच्या डोक्यावरून जातं. चार रूपं असली तर प्रत्येकाच्या हाताला एखादं तरी लागण्याची शक्यता वाढते.

अपूर्णांकांत हे फार स्पष्ट दिसतं. १/३ मोठा की १/४? ‘‘१/४, कारण चार मोठे.’’ हे उत्तर वर्गावर्गात मिळतं. गंमत म्हणजे हेच मूल बाजारात पाव किलो आणि अर्धा किलो यांत कधी फसत नाही. आपल्या जुन्या शाळांत तर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे होते. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे रोकडे शब्द हाताशी असलेली भाषा आपण बोलतो आणि वर्गात शिरताच ‘अंश-छेद’ सुरू करतो. फेट नावाच्या मोफत संचात अपूर्णांकाचं एक सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हलवून बघायचा प्रयोग, आहे. त्यात छेद वाढवला की गोलाचे तुकडे बारीक होतात. तोच अपूर्णांक पट्टीवर, भांड्यातल्या पाण्यात आणि संख्यारेषेवरही बघता येतो. पाणी भरणारं मूल भांड्यात पकडतं, कापड मोजणाऱ्याचं मूल पट्टीत पकडतं. तिथं थांबून बाईंनी ‘पाऊण’ हा शब्द त्या पाण्याला चिकटवायचा. हे काम सिम्युलेशन करणार नाही.

फेटचा जन्म २००२ चा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातला. तो संच सुरू करणारे कार्ल वीमन यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. बरीचशी सिम्युलेशनं मराठीतही आहेत, आणि एकदा फाईल उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. ज्या गावात दुपारी रेंज झोपते तिथं ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची.

बघणं आणि हलवून बघणं

इथं एक गल्लत नेहमी होते. पडद्यावर व्हिडिओ लावला की डिजिटल शिक्षण झालं, असं समजतात. माझ्या पाहण्यात एक शाळा होती. तिथल्या स्मार्ट बोर्डावर विजेच्या धड्याचा सुंदर व्हिडिओ चालायचा, मुलं मांडी घालून शांत बसायची, पाहुणे खूश व्हायचे. नंतर मुलांना एक सेल, एक बल्ब आणि वायरचा तुकडा दिला, तर निम्म्यांनी वायरीचं एकच टोक सेलला लावलं आणि बल्ब पेटायची वाट बघत बसली. व्हिडिओत चूक काहीच नव्हती. मुलांना चुकायला जागा नव्हती, एवढंच.

विजेबद्दल मुलांच्या डोक्यात एक हट्टी समजूत असते: सेलमधून वीज निघते, बल्बमध्ये थोडी खर्च होते आणि उरलेली परत येते. म्हणजे बल्बच्या अलीकडे धारा जास्त, पलीकडे कमी. ही समजूत मोठ्यांतही असते, विजेचं बिल भरणाऱ्यांत तर नक्कीच. फेटच्या विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये मूल स्वतः वायर, सेल, बल्ब ओढून जोडतं. जोडणी पुरी झाली की इलेक्ट्रॉनांचे ठिपके सरकू लागतात. आता बल्बच्या दोन्ही बाजूंना धारा मोजणारा एकेक अमीटर लावायचा.

आणि इथं बोट थांबवायचं. अमीटर लावण्याआधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यायचं: डावीकडचा आकडा मोठा येईल, उजवीकडचा येईल, की दोन्ही सारखे? लिहिलेलं खोडायचं नाही. मग अमीटर. दोन्हीकडे आकडा तोच! वर्गात जो गलका होतो तो खरा धडा. ‘‘मग बल्बमध्ये काय खर्च होतं?’’ हा प्रश्न आता मुलं विचारतात. ऊर्जा, असं उत्तर आता देता येतं, कारण आता ते ऐकायला कान तयार असतात. अंदाज लिहून न घेता तेच सिम्युलेशन दाखवलं तर मुलं ठिपक्यांकडे बघतात आणि ‘भारी आहे’ म्हणतात. समजूत जागच्या जागी राहते.

याच सिम्युलेशनच्या जुन्या आवृत्तीवर कोलोरॅडोत एक अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत खऱ्या वायरी हाताळल्या, काहींनी फक्त सिम्युलेशन. नंतर दोघांनाही खरा परिपथ जोडायला दिला. सिम्युलेशनवाल्यांनी तो चांगला जोडला आणि संकल्पनांच्या प्रश्नांतही ते पुढे राहिले. कारण बघायला गेलं तर साधं आहे. खरी वायर आतलं काही दाखवत नाही. ढिला जोड, उतरलेला सेल, उडालेला बल्ब यांतच अर्धा तास जातो. पण तो अभ्यास कॉलेजातल्या मुलांवरचा होता. सातवीतल्या मुलानं आयुष्यात सेल हातात धरलाच नसेल तर त्याला आधी सेल द्या, चटका लागू द्या, मग पडद्याकडे आणा.

जिओजेब्राची गोष्टही अशीच. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी पदव्युत्तर प्रबंधासाठी ते लिहायला घेतलं, आणि आज ते जगभर चालतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये ते शिकवणारे मराठी व्हिडिओ आहेत. वहीत मूल एक त्रिकोण काढून कोन मोजतं, १७८ अंश येतात, आणि बाई म्हणतात ‘‘१८० धर.’’ जिओजेब्रात शिरोबिंदू बोटानं ओढला की शेकडो त्रिकोण डोळ्यांसमोरून जातात, बेरीज १८० ची हलत नाही. त्यातही एक गंमत करून बघा. कोन पूर्णांकात दाखवायला सांगा. मधूनच पडद्यावर ६०, ७१ आणि ५० दिसतात, बेरीज १८१! कॉम्प्युटर चुकला? नाही, त्यानं प्रत्येक कोन जवळच्या पूर्ण अंशात आणून दाखवला. या एका ‘चुकी’वरून दोन गोष्टी बोलता येतात: मापन म्हणजे काय, आणि हजार त्रिकोण पाहिले तरी सिद्धता का लागते. नववीतल्या हुशार मुलाला, त्या खिडकीबाहेर बघणाऱ्याला, हा प्रश्न द्यायचा.

ऐकू येणारा आलेख

आता दृष्टिहीन मुलांकडे येऊ. आपल्याकडच्या अंधशाळांत पिढ्यान्‌पिढ्या टेलर फ्रेम चालते. धातूच्या पाटीत आठ कोनी भोकं असतात, त्यांत खिळ्यासारखे टाइप खोचायचे. टाइप कोणत्या दिशेला वळवला यावर अंक ठरतो. बेरीज-गुणाकार बोटांखाली उभा-आडवा मांडता येतो. उत्तम साधन आहे, पण बीजगणित आणि आलेख आले की तोकडं पडतं. ब्रेलमध्ये गणित कसं लिहायचं याची एक पद्धत अब्राहम नेमेथ यांनी बसवली, १९५२ मध्ये. ते स्वतः अंध असलेले अमेरिकी गणितज्ञ.

अडचण कुठे येते ते कानांनी ऐका. ‘‘सहा अधिक चार भागिले दोन.’’ उत्तर काय? आठ, कारण भागाकार आधी. पण पुस्तकात सहा अधिक चारच्या खाली आडवी रेघ आणि रेघेखाली दोन असतील तर उत्तर पाच. डोळ्याला रेघेची लांबी दिसते आणि सगळं कळतं. कानाला रेघ नाही. म्हणून गणित वाचणाऱ्या साधनाला ‘अपूर्णांक सुरू, सहा अधिक चार, छेदस्थानी दोन, अपूर्णांक संपला’ अशा धर्तीवर बोलावं लागतं. त्यासाठी ते गणित फाईलमध्ये गणित म्हणून लिहिलेलं हवं. वेबवर त्यासाठी मॅथएमएल नावाची लिपी आहे. वर्डमध्ये लिहिताना ‘इक्वेशन’मधून घातलेलं सूत्र वाचून घेता येतं.

आपण काय करतो? फळ्यावर लिहितो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तो फोटो म्हणजे कोरा कागद. किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली प्रश्नपत्रिका पाठवतो. आपल्याला ती मराठी दिसते, पण यंत्राच्या लेखी आत भलतीच इंग्रजी अक्षरं भरलेली असतात, आणि ते तीच वाचत सुटतं. म्हणजे अडचण दृष्टीची कमी आणि आपल्या टायपिंगची जास्त.

एनव्हीडीए हा कॉम्प्युटरवरचा स्क्रीन रीडर मोफत आहे. तो २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केला. अँड्रॉइड फोनमध्ये हेच काम करणारा टॉकबॅक आधीपासूनच असतो. आलेखासाठी डेस्मॉस या मोफत ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये एक सुंदर सोय आहे: आलेख ऐकता येतो. वक्ररेषा वर गेली की स्वर चढतो, खाली आली की उतरतो. वर्गसमीकरणाचा अन्वस्त, म्हणजे वाटीसारखी वक्ररेषा, लावला तर आधी अवरोह, मग क्षणभर तळ, मग आरोह. सरळ रेषा लावली तर एकाच चालीनं चढत जाणारा स्वर. हार्मोनियमच्या पेटीशी खेळलेल्या मुलाला यातला फरक सांगावा लागत नाही. आणि हे डोळस मुलांनाही ऐकवावं. ‘चढ वाढत जातो’ म्हणजे काय हे त्यांनाही कानानं लवकर कळतं.

पण सगळ्यात आवडता प्रयोग फोनमधल्या सेन्सरचा. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं बनवलेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे: पहिल्या टाळीला सुरू, दुसऱ्या टाळीला बंद. दोन फोन घ्यायचे, पाच मीटरवर ठेवायचे, प्रत्येकाशेजारी एक मूल. पहिल्या मुलानं टाळी वाजवली की त्याचा फोन लगेच सुरू होतो, दुसरा किंचित उशिरा, कारण आवाजाला तिथवर जायला वेळ लागतो. मग दुसऱ्यानं टाळी वाजवली की त्याचा फोन लगेच थांबतो आणि पहिला किंचित उशिरा. आता दोन्ही आकड्यांची वजाबाकी करायची. तो वेळ म्हणजे आवाजाला पाच अधिक पाच, म्हणजे दहा मीटर जायला लागलेला वेळ. साधारण ०.०२९ सेकंद येतो. दहा भागिले ०.०२९ केलं की ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास निघतो. पुस्तकातला आकडा शाळेच्या पटांगणात, दोन टाळ्यांत!

पटांगणातच करा. वर्गात कुणी बाक ओढला तरी फोन सुरू होतो. किती मोठ्या आवाजाला घड्याळ सुरू व्हावं ती मर्यादाही आधी चार-पाच टाळ्या वाजवून लावून घ्यावी लागते. या प्रयोगात दृष्टिहीन मुलगा टाळी वाजवतो आणि बऱ्याचदा सगळ्यांत नेमकी वाजवतो. कर्णबधिर मुलगी पडद्यावरचा आकडा वाचते, वजाबाकी करते आणि जो आवाज तिला ऐकू येत नाही त्याचा वेग ती काढते. दोघंही बाजूला बसून ‘बघायला’ नसतात.

कर्णबधिर मुलांबाबत एक गोष्ट शिक्षकांच्या लक्षात पटकन येत नाही. ऐकणारं मूल डोळ्यांनी पडदा बघतं आणि कानांनी तुमचं बोलणं ऐकतं, एकाच वेळी. कर्णबधिर मुलाला दोन्ही डोळ्यांनीच करायचं असतं. ते तुमच्या हातांकडे बघेल तर ठिपके सुटतात, ठिपक्यांकडे बघेल तर तुम्ही सुटता. म्हणून आधी खुणेनं सांगा, हात खाली घ्या, मग सिम्युलेशन चालवा, थांबवा, परत सांगा. थोडं संथ होतं, आणि मागच्या बाकावरच्या ऐकणाऱ्या मुलांनाही ते बरं पडतं. शब्दांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचा व्हिडिओ शब्दकोश आहे. २०१८ मध्ये तो तीन हजार शब्दांचा होता, २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला.

ज्यांचे आकडे नाचतात त्या मुलांचं काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे, म्हणजे हे आळसाचं सोंग नाही हे कायद्यालाही मान्य आहे. अशा मुलांना बहुतेक गणिती ॲप उलट त्रास देतात. वर पळणारं घड्याळ, चुकलं की भोंगा, जिंकलं की तारे. ज्याला ८ आणि ५ मधलं अंतर चाचपडत शोधावं लागतं त्याला दहा सेकंदांत उत्तर मागणं म्हणजे लंगड्या घोड्याला शर्यतीत धरणं. सेटिंगमध्ये घड्याळ बंद करता येतं का, हे ॲप निवडताना पहिलं बघावं. नसेल येत तर ते ॲप काढून टाकावं.

रंगांचंही तेच. तांबड्या आणि हिरव्या रेघेत ज्यांना फरक दिसत नाही, त्यांत मुलगे जास्त असतात. त्यांना ‘तांबडी रेघ बघा’ म्हणून उपयोग नाही. ‘तुटक रेघ बघा’ म्हणा.

भाषेबद्दल थोडक्यात. मेळघाटातल्या कोरकू मुलाला ‘गुणोत्तर’ हा शब्द जितका परका तितकाच सेमी-इंग्रजीतल्या पोरीला ‘रेशो’ परका. कोरकूचं गोत्र संथाळी-मुंडारीशी जुळतं, मराठीशी नाही. कमी शब्दांची, हातानं हलवायची सिम्युलेशनं इथं कामाला येतात: आधी कृती, मग मूल स्वतःच्या भाषेत काय घडलं ते सांगेल, आणि शेवटी पुस्तकातला शब्द. मराठी आणि इंग्रजी असं एकच सिम्युलेशन पाठोपाठ उघडून दाखवलं की सेमीवाल्यांना ‘रोध’ आणि ‘रेझिस्टन्स’ एकच असल्याचा शोध लागतो. काहींना तो दहावीत लागतो.

आणि हे सगळं एका फोनवर कसं करायचं? गट करून. चार-पाच मुलांना एक फोन, पण फोन हलवणारं मूल दर प्रश्नाला बदलायचं, आणि ज्याच्या हातात फोन आहे त्यानं बोलायचं नाही. बाकीच्यांनी सांगायचं, त्यानं फक्त करायचं. नाहीतर एकच चुणचुणीत पोरगा सगळा तास खातो. शाळेत एकच फोन असेल, तोही बाईंचाच, तर बाकीचे गट तोवर काड्या आणि ठोकळ्यांवर तोच प्रश्न सोडवतात आणि फोन फिरत राहतो. दांड्या-ठोकळ्यांचा ५७ खऱ्या काड्यांचाही चालतो.

उद्या वर्गासाठी एखादी गणिताची वर्कशीट बनवाल, तेव्हा पाठवण्याआधी फोनचा टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि ती ऐका. तिसऱ्या ओळीच्या आत कळेल ती कुणाकुणाला पोचणार नाही ते. आधी टॉकबॅक बंद कसा करायचा ते शिकून घ्या मात्र. मी पहिल्यांदा चालू केला तेव्हा शेजारच्या सातवीतल्या मुलाला बोलवावं लागलं होतं.